डावा खांदा

“माणसाचं सगळं आयुष्य शेवटी त्याच्या डाव्या खांद्यावर येऊन बसतं,” रबरताईंनी जाहीर केलं आणि स्वतःच्या उजव्या खांद्याला बाम चोळायला घेतला.

ॲनिमेशन स्टुडिओच्या जेवणाच्या खोलीत नव्याने लागलेल्या मुली डबे खात होत्या. त्यांनी माना डोलावल्या. एकीने तर ते वाक्य मोबाइलमध्ये टिपूनही घेतलं.

ताईंचं खरं नाव पगारपत्रकात असावं. स्टुडिओत त्या रबरताईच, कारण खालून दिवा असलेल्या काचेवर दुसऱ्यांच्या कच्च्या चित्रांवर नवा कागद ठेवून रेषा स्वच्छ करणं हे त्यांचं काम. कुणी घाईघाईत ओढलेल्या दहा रेषांतून खरी एक शोधायची, उरलेल्यांना निरोप द्यायचा. सगळी नोकरी यात गेली, पण त्यांची कुरकुर नव्हती. हे करता करता पात्र कसं घडवायचं ही विद्या त्या फुकटात शिकत होत्या. एका चित्रकार बाईंकडून त्यांनी हात उचलले, एका गृहस्थांकडून नाकं. बाकी सगळं मास्तरांकडून. सिनेमातली पात्रं मुळात घडवायचे ते मास्तर, आता निवृत्त झालेले. त्यांचा राजा असो की टपालवाला, डावा खांदा किंचित उतरलेला असायचाच. ताईंनी तो इतका गिरवला होता की त्यावर त्या व्याख्यान देऊ शकत. देतही असत.

तेवढ्यात दिग्दर्शक आला. वयाने ताईंच्या मुलाएवढा, दाढीने वडिलांएवढा. त्याच्या हातात ताईंचं चित्र होतं. नव्या सिनेमात शाळेची घंटा वाजवणारी एक मावशी होती, आणि ती घडवण्याचं काम पहिल्यांदाच ताईंवर सोपवलं होतं.

“ताई, मी हिला काळं फासलं.”

“का हो? काय केलं तिनं?”

“काहीच नाही. तेच तर.” नुसती काळी सावली उरली तरी पात्र ओळखू यायला हवं, ही त्या धंद्यातली जुनी परीक्षा. “बघा, कुणाची वाटते?”

ताईंनी पाहिलं. खोटं बोलायची सोय नव्हती. “मास्तरांची.”

“झकास आहे, पण मास्तरांची आहे. सोमवारी तुमची आणा. नाहीतर मला दुसऱ्या कुणाला तरी सांगावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका.”

“छे,” ताई म्हणाल्या, आणि दिवसभर वाईट वाटून घेतलं.

रविवारी त्या गिरवलेल्या चित्रांचा गठ्ठा घेऊन मास्तरांकडे गेल्या. मास्तर खिडकीशी त्यांच्या जुन्याच टेबलावर चहा पीत बसले होते. निरोपाला स्टुडिओने त्यांना घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. ते वेळेवर आलं नाही, म्हणून टेबल दिलं.

“मास्तर, तुमचा खांदा काही केल्या सुटत नाही माझ्या हातून.”

“माझ्या खांद्याबद्दल डॉक्टरही हेच म्हणतो.”

“चित्रातला हो. डावा. सगळ्यांचा उतरलेला असतो ना तो.”

मास्तरांनी गठ्ठ्यातली चित्रं उलटली. चोरी पकडली गेल्यासारखं हसू त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू पसरलं.

“अगं रबर, तो खांदा नाही. ते हे टेबल आहे.”

टेबलाचा एक पाय आखूड होता. सुताराला सांगून ठेवलं होतं, पण तो यायच्या आधी मास्तरच निवृत्त झाले. तोवर ते आपला उजवा पाय लांब करून त्या पायाखाली देत, आणि अंग तिकडे कलायचं. समोर आरसा, कारण या धंद्यातली माणसं हावभाव शोधायला स्वतःलाच आरशात बघतात.

“आरशात उजव्याचं डावं होतं,” मास्तर म्हणाले. “एवढंच त्यातलं तत्त्वज्ञान.”

ताईंचा चेहरा उतरला. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका सुताराच्या गैरहजेरीची साधना केली होती.

“तोंड पाडू नकोस. आमच्या गुरुजींची पात्रं अर्धवट मिटल्या डोळ्यांची असायची. मी म्हणायचो, काय ही करुणा! घोटून घोटून शिकलो. मग कळलं, त्यांना चष्मा लागला होता आणि ते कबूल करत नव्हते.”

“मग करुणा?”

“ती माझ्या हातात राहिली. आता परत कुणाला करू?” मास्तरांनी कप खाली ठेवला. टेबल डुगडुगलं आणि चहा बशीत आला. “तुला काय दिसायचं त्या खांद्यात?”

“हसाल तुम्ही.”

“हसणारच. सांग.”

“मला वाटायचं, त्यावर आत्ताआत्तापर्यंत कुणीतरी झोपलं होतं. लहान मूल. ते उतरून गेलं, पण खांद्याला कुणी सांगितलंच नाही.”

मास्तर हसले नाहीत. “कुणाचं मूल?”

“आमचेच चिरंजीव. खाली ठेवलं की भोकाड. मग डाव्या खांद्यावर तो आणि उजव्या हाताने तुमची चित्रं. आता मला खुर्चीसकट उचलेल एवढा झालाय. येतो कधीमधी.”

मास्तरांनी गठ्ठ्यावर बोट ठेवलं. “हे मी काढलेलं नाही, रबर. माझ्या चित्रात टेबल आहे. मूल तुझं आहे.” ते उठले. “बस इथे. काढ.”

ताई बसल्या. टेबल डुगडुगलं तसा त्यांचा पाय आपोआप आखूड पायाखाली गेला. मावशीचा उजवा हात उंच, घंटेच्या दोरीला. डावा खांदा उतरलेला तो उतरलेलाच, तो सोडायला त्या तयार नव्हत्या. पण या वेळी मान त्या खांद्याकडे वळली. डावा हात वर आला आणि रिकाम्या खांद्याच्या जरा वर तळव्याचा द्रोण झाला. घंटेने झोपमोड होऊ नये म्हणून कुणाचा कान झाकावा तसा.

मास्तरांनी ब्रश घेतला आणि सगळं चित्र काळं केलं. कागद लांब धरून पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

“ही कोण?”

“घंटेची मावशी.”

“मी नाही ओळखत हिला,” मास्तर म्हणाले. “कधी पाहिलेलीच नाही.”

आयुष्यात एवढं मोठं बक्षीस ताईंना कुणी दिलं नव्हतं. इतकी वर्षं बोलायचं राहून गेलेलं सगळं एकदमच ओठांवर आलं. “मास्तर, तुमच्या एकेका रेषेचं माझ्यावर...”

“ते राहू दे,” मास्तर म्हणाले. “त्या गठ्ठ्यातली चार-पाच चित्रं तुला आता नको असतील, तर नीट घडी घालून त्या पायाखाली सरकव. जाड कागदावर गिरवलंस हे फार बरं केलंस. सकाळपासून बशीतूनच चहा पितोय.”