दुसरं माप

पुतणी वर्कशॉपमध्ये आली ती हातात स्कूटरच्या ऑइलची बाटली घेऊन, आणि माझं डोकंच फिरलं.

"हे कुणी दिलं तुला?"

"दुकानदाराने. टू-स्ट्रोक म्हणजे टू-स्ट्रोक, म्हणाला."

"उद्या तो स्वतःचा चष्मा देईल, घालशील? अगं, स्कूटरचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं, बोटीचं पाण्यावर. स्कूटरच्या तेलाची राख बोटीच्या प्लगवर बसते, पिस्टनवर बसते. बोटीच्या मोटरला बोटीचंच तेल. परत करून ये."

"करते. आणि पेट्रोलमध्ये किती घालायचं?"

या प्रश्नाला मी एरवी मान वर न करता उत्तर देतो. धक्क्यावरचे निम्मे बोटवाले रोज तेच विचारतात. पण ती कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे बघत होती.

"बाबांच्या मोटरला," ती म्हणाली.

ताडपत्रीखाली दादाची मोटर होती. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी तो बोट घेऊन गेला. चौथ्या दिवशी बोट तरंगताना सापडली. मोटर जागेवर, पेट्रोलचा जादा कॅन जागेवर, झाकण लावलेलं. दादा तेवढा नव्हता. वहिनीने मोटर आणि कॅन माझ्याकडे ठेवायला सांगितलं. मी दोन्हींवर ताडपत्री टाकली आणि पुन्हा हात लावला नाही. लोक म्हणाले, भावावर फार जीव होता. जीव होताच, पण हात लावला नाही तो भीतीने.

त्या सकाळी पेट्रोलमध्ये तेल मी कालवलं होतं. दादा त्या जुन्या मोटरला पाच लिटरला दोन मापं घालायचा, वर्षानुवर्षं. मी नुकताच पंधरा दिवसांचा कोर्स करून आलेलो, सर्टिफिकेटची फ्रेमही अजून भिंतीवर चढली नव्हती. नव्या बाटलीवर छापलं होतं, पन्नासला एक, पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल. म्हणजे पाच लिटरला एकच माप.

"तेल सुधारलंय आता," मी म्हणालो. "एक माप पुरे. धूर तरी कमी होईल तुझा."

"तेल सुधारलं रे, मोटर तीच आहे ना."

"शिकून तू आलायस का मी?"

तो हसला. "बरं बाबा, तू म्हणशील ती पूर्व दिशा."

मी टाकीत एकेक मापाच्या हिशोबाने पेट्रोल भरलं, कॅनमध्ये भरलं आणि चहाला गेलो. परत आलो तेव्हा दादा निघून गेला होता.

दोन महिन्यांनी त्या मोटरचं जुनं पुस्तक हाती लागलं. पहिल्याच पानावर होतं, पंचवीसला एक. दादाचीच दोन मापं. तेल कमी पडलं की पिस्टन जाम होतो. तेव्हापासून मला माहीत होतं काय झालं ते. भर समुद्रात मोटर जाम झाली, दादा मागे वाकून मोटर सुरू करायची दोरी ओढत राहिला आणि लाट आली.

दुपारी धक्का पेंगायचा तेव्हा त्या कोपऱ्यातून निळ्या धुराचा वास यायचा. नव्या मोटरचा पातळ वास नाही. दादाचा, घशात बसणारा. दुसरं म्हणजे ते पत्र्याचं माप. ते मी रोज संध्याकाळी पुसून खिळ्याला पालथं अडकवायचो आणि सकाळी ते आतून तेलकट असायचं. आधी वाटलं उंदीर. पण उंदीर तेल पितात, मोजत नाहीत. पुढे मी त्यावर विचार करणं सोडलं. नुसता पुसत राहिलो.

"आई म्हणाली मोटर माझी," पुतणी म्हणाली. "मला बोट पुन्हा काढायचीय."

"ती जाम आहे."

"कशावरून? उघडलीस कधी?"

मग मी तिला सगळं सांगितलं. माप, बाटली, सर्टिफिकेट, मी काय बोललो ते. फरशीकडे बघत सांगितलं. मला वाटलं, हातातली बाटली ती माझ्या डोक्यात घालेल. मी वाट बघत होतो म्हटलं तरी चालेल.

तिने बाटली खाली ठेवली. मग म्हणाली, "बघू तरी," आणि तिने ताडपत्री ओढली.

तिने मोटरची दोरी धरली. मी डोळे मिटले. अकरा वर्षं मी त्या दोरीला घाबरत होतो. सर्रकन आवाज झाला, दोरी पूर्ण बाहेर आली आणि परत गेली.

"फिरतंय की, काका."

मी जादा कॅन उचलून हलवला. आत काहीतरी दाट हललं. झाकण कधीच तडकलं होतं. पेट्रोल उडून जातं, तेल उडत नाही, तळाशी राहतं. पाच लिटरचा कॅन, म्हणजे माझं एक माप. मी खिळ्यावरून माप काढलं आणि ओतायला लागलो. काळंकुट्ट तेल काठापर्यंत आलं. कॅन अजून जडच होता.

पुतणीने माप चहाच्या ग्लासात रिकामं केलं आणि पुन्हा खाली धरलं. दुसरंही भरलं. काठाला बोटभर कमी.

मी चहाला गेलो तेव्हा दादाने घातलं होतं. मला न सांगता, माझी मान खाली जाऊ नये म्हणून.

"म्हणजे बाबांनी तुझं ऐकलंच नव्हतं," ती म्हणाली.

"ऐकलं की. माझ्यासमोर ऐकलं."

तिच्या हातात माप तसंच होतं. "मोटर बंद पडली नाही तर मग बाबा का नाही आले?"

अकरा वर्षं माझ्याकडे याचं उत्तर होतं. वाईट होतं, पण होतं. ते घेऊन मी झोपायचो, उठायचो.

"माहीत नाही गं," मी म्हणालो.

ती स्टुलावर बसली. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि विचारलं, "दोन मापं ना?"

"दोन. पाच लिटरला दोन. बाटलीवर काहीही छापलेलं असो."

संध्याकाळी मी माप पुसलं आणि खिळ्याला अडकवलं. सकाळी आत बोट फिरवलं. कोरडं होतं. उजेडात नेऊन पुन्हा फिरवलं. दुपारी जेवण पुढे ढकलून मी कोपऱ्यात मोटरजवळ बसून राहिलो. दोन गिऱ्हाइकं हाका मारून परत गेली. वास काही आला नाही. दादा गेला, हे मला त्या दुपारी कळलं.