पाठ न केलेली साक्ष

लोणावळ्याच्या बाजारापासून दूर, ओढ्यापलीकडच्या माळावर पत्र्याची एक शेड होती. देवीची साथ आली की ज्याच्या अंगावर फोड दिसतील त्याला तिथे नेऊन ठेवत. १९२२ सालच्या चैत्रात तिथे बेडशाची कस्तुराबाई आली, आणि तिची देखभाल करायला लीलाबाई.

लीलाबाई मिशनच्या दवाखान्यात काम करी. वय चाळिशीचं, अंगानं किरकोळ, तोंडावर देवीचे खोल व्रण. ज्याला एकदा देवी येऊन गेल्या त्याला त्या पुन्हा येत नाहीत, म्हणून अशा कामाला तिलाच पाठवत. मागल्या साथीत एक रोगी तापाच्या भरात शेडमधून पळाला होता आणि गावभर हिंडला होता. तेव्हापासून दाराला बाहेरून कडी घालायचा हुकूम होता. रखवालदार बजरंग दोन वेळा दार किलकिलं करी, भाकरी, पेज आणि पाण्याची घागर आत सरकवी आणि लगेच कडी लावी. रोग्याच्या सगळ्या खपल्या पडेपर्यंत दोघींनाही बाहेर पडायची सोय नव्हती.

कस्तुराबाई जेमतेम विशीतली. घरी अंगावर पिणारं पोर ठेवून आली होती. तिचा नवरा गेणू तिला बैलगाडीत घालून घेऊन आला आणि ओढ्याअलीकडेच थांबला. कडी वाजली तशी ती दाराकडे धावली.

"उघडा वो! माझं पोर उपाशी हाय!"

तिची चोळी दुधानं भिजली होती. दारावर हात आपटून आपटून ती खाली बसली. लीलाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तुमच्या हातचं न्हाई घ्यायची मी," कस्तुराबाई म्हणाली. "तुमी बाटलेल्या. आदीच देवीचा कोप झालाय, त्यात आनि हे कशाला?"

लीलाबाईनं वाद घातला नाही. घागर तिच्या हाताशी सरकवली आणि पाठ करून बसली. मागून पाणी पिण्याचा घटाघट आवाज आला.

दिवस चढला की पत्रा तापायचा, कडकड वाजायचा. आत बसवत नसे, निजवत नसे. एकुलत्या खिडकीतून माळ दिसे, त्यापलीकडे झाडं, आणि घाट चढून आलेल्या इंजिनाचा धूर. कस्तुराबाईच्या अंगावर फोड दाटले. तोंड सुजलं आणि मग एका सकाळी तिचे डोळेच उघडेनात. ती हातानं घागर चाचपू लागली. घागर लवंडली, पाणी जमिनीत जिरलं.

"कुटं हाय पानी?" ती म्हणाली.

"माझ्या तांब्यात हाय. देऊ?"

तिनं ओली जमीन चाचपून बघितली. मग म्हणाली, "द्या."

त्या दिवसापासून ती लीलाबाईच्या हातचं पाणी पिऊ लागली, पेज घेऊ लागली. लीलाबाई कडुलिंबाच्या पाल्यानं वारा घाली तेव्हा गप्प पडून राही. पण एका दुपारी तिनं पेजेची वाटी ढकलून दिली.

"नगं. मरू द्या मला. ह्या तोंडानं घरी जाऊन काय करू? पोर भिईल मला बघून. आन आमची सासू... ती काय मला उंबऱ्याच्या आत घेती व्हय? तुमचा येवढा देवावर इश्वास, तर सांगा की, तुमच्या देवानं तुमचं काय भलं केलं?"

लीलाबाईला हा प्रश्न नवा नव्हता. वर्षातून दोन-चारदा तरी मिशनच्या देवळात उभं राहून ती साक्ष देत असे, प्रभूनं आपलं काय भलं केलं ते सांगत असे. पुण्याहून पाहुणे आले की पाळकसाहेब तिलाच उभी करत. त्यांनीच सुरुवातीला तिचं बोलणं नीटनेटकं करून दिलं होतं. म्हणाले होते, लीलाबाई, साक्ष थोडक्यात असावी आणि आनंदानं संपावी. तेव्हापासून इतकी वर्षं ती तेच शब्द त्याच क्रमानं बोलत आली होती. त्यात खोटं काही नव्हतं. पण बोलून खाली बसलं की काहीतरी मागे राहिल्यासारखं वाटे. पुढल्या वेळी तेही सांगू असं ती ठरवी. पुढल्या वेळी उभी राहिली की तोंडातून तेच शब्द येत.

आत्ताही तेच आले.

"मी अंधारात चाचपडत होते. भयंकर दुखण्यानं मला ग्रासलं. सर्वांनी मला टाकलं, परंतु प्रभूनं मला उचललं आणि अवर्णनीय शांती..."

"ह्ये पाठ केल्यागत बोलताय तुमी," कस्तुराबाई मधेच म्हणाली. "शाळंतली पोरं म्हनत्यात तसं."

लीलाबाईनं ढकललेली वाटी उचलून बाजूला ठेवली.

"तुमाला लेकरू हाय का?" कस्तुराबाईनं विचारलं.

आजवर तिच्या साक्षीनंतर कुणी हे विचारलं नव्हतं. नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. खरं सांगावं तर ही बाई ज्या भीतीनं मरायला निघाली आहे, तेच तिच्यापुढे मांडायचं. कसं सांगावं? लीलाबाई उठली, खिडकीशी गेली. पत्र्याच्या झळीनं श्वास घेववेना. बाहेर जायला जागा नव्हती. आणि पाठीमागे ती डोळे मिटलेली बाई उत्तराची वाट बघत होती.

ती परत येऊन बसली.

"हाय," ती म्हणाली. "लेक हाय. रतन."

पाळकसाहेबांची भाषा कुठल्या कुठे गेली. सासरच्या ओसरीवर बोलत होती तसं लीलाबाई बोलू लागली.

"तुज्यायेवढी हुते मी. देवी आल्या तवा रतन अंगावरच पीत हुती. घरच्यांनी मला रानातल्या गोठ्यात नेऊन टाकलं. दाराला बाहेरनं काटी लावली. भाकरी टाकायचे आन जायचे. मग भाकरी बी यायची बंद झाली. त्यांना वाटलं, मी मेले. मलाबी तसंच वाटाया लागलं हुतं. तवा त्या वाटंनं एक म्हातारी चालली हुती. सारूबाई तिचं नाव. माजं कण्हणं ऐकून तिनं काटी काढली. मी म्हनलं, आत येऊ नगं, देवी हायेत. तर ती आत आली आन माज्यापाशी बसली. माजं डोस्कं मांडीवर घेतलं. जायाचं नावच काढीना. मी बरी झाले तवर ती त्या गोठ्यातच ऱ्हायली. मी इच्यारलं, तू माजी कोन लागतीस? तर म्हनली, कुनी न्हाई. पर माजा येसू तुज्यापाशी हितं बसलाय, त्याला सोडून मी कशी जाऊ?"

"मग घरी गेलात?"

"गेले की. दारात उभी ऱ्हायले. सासू म्हनली, तू किरिस्तावाच्या हातचं खाल्लंस, तू मेलीस आमाला. रतन आत रडत हुती. मला तिचा आवाज येत हुता. दार न्हाई उघडलं कुनी. तिला सांगितलं, आई देवीनं मेली. आता लगीन झालंय तिचं. एका कासारणीकडनं मला कळलं. पर मी पुन्यांदा तिचं तोंड बगितलं न्हाई."

कस्तुराबाईच्या सुजलेल्या पापण्यांतून पाणी झिरपू लागलं. "मग तुमचा द्येव काय करत हुता?" ती चिडून म्हणाली. "दार उघडाया काय झालं हुतं त्याला?"

"न्हाई उघडलं त्यानं," लीलाबाई म्हणाली. "मी लय भांडले त्याच्याशी. अजून भांडते. पर येक सांगू का? त्या गोठ्यात मी येकटी न्हवते. त्यो बाहेर ऱ्हाऊन बघत न्हवता, माज्यासंगं आत कोंडून घेतलं त्यानं. सारूबाईच्या रूपानं म्हन, न्हाईतर कसंबी म्हन. रतनचा आवाज आला आन मी दारातनं मागं फिरले, तवाबी त्यो माज्यासंगं फिरला. येवढंच ठावं हाय मला. शांती-बिंती रोज मिळत न्हाई."

कस्तुराबाईनं पापण्या टिपल्या आणि हात पुढे केला. "वाटी द्या इकडं," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं जेवणाला नाही म्हटलं नाही. गेणू आठवड्याच्या बाजाराला आला की ओढ्याअलीकडून हाका मारी. "पोराला देवी डॉक्टरनं टोचलं! बरं हाय! शेरडीचं दूध पितंय!" कस्तुराबाई खिडकीचे गज धरून त्या आवाजाच्या दिशेला तोंड करी. सूज उतरली तेव्हा एक डोळा उघडला. दुसऱ्यात फूल पडलं होतं.

तोवर त्या दोघी पुष्कळ बोलल्या. रतनला दिलं ते गाव पवनेकाठचं काले आहे, तिच्या सासऱ्याचं नाव महिपती, हे कळलं तशी कस्तुराबाई उठून बसली.

"म्हंजी आमच्या म्हायेरची की! महिपतीआबाची सून? उंच, गोरी? पान्यावर जाताना सदा माज्या म्होरं असायची ती!"

लीलाबाईला पुढे ऐकवेना. तिनं तोंडाला पदर लावला.

शेवटची खपली पडली, देवी टोचणारा डॉक्टर येऊन बघून गेला, बजरंगनं दार सताड उघडलं. गेणू पहिल्यांदाच ओढा ओलांडून आला. बायकोचं तोंड बघून तो क्षणभर उभाच राहिला, मग म्हणाला, "चल. पोर वाट बघतंय." सासूनं तिला घरात घेतलं की नाही हे लीलाबाईला कित्येक दिवस कळलं नाही.

ज्येष्ठात लीलाबाई दवाखान्याच्या पायरीवर पट्ट्या वाळत घालत होती. कस्तुराबाई आली. कडेवर पोर होतं. ते आईच्या तोंडावरच्या खड्ड्यांत बोटं घालून खेळत होतं.

"मावशी," ती म्हणाली. आजवर तिनं असं म्हटलं नव्हतं. "घेतलं सासूनं घरात. म्हायेरीबी जाऊन आले. गाठली तिला, पानवठ्यावर."

लीलाबाईच्या हातातली पट्टी तशीच राहिली.

"समदं सांगितलं. गोठ्याचं, दारात उभं ऱ्हायल्याचं. आन माजंबी सांगितलं. म्हनलं, मी मरायला निगाले हुते, तुज्या आईनं तिचं दुक मला सांगितलं म्हनून मी जेवले. तुमचा येसू मला अजून नीट ठावा न्हाई, मावशी. पर त्यो तुमच्यासंगं गोठ्यात हुता, हे मी तिला सांगितलं. माज्या तोंडानं जेवढं सांगता येईल तेवढं."

"ती काय म्हनली?"

"हंडा तसाच भरून वाहात ऱ्हायला. मग इच्यारलं, आईचं तोंड माज्यागत हाय का? मी म्हनलं, डोळे हायेत तुज्यागत. त्यावर हंडा उचलला आन गेली."

लीलाबाई पायरीवर बसली. आत्ताच निघावं, संध्याकाळपर्यंत काल्याला पोचता येईल, असं तिच्या मनात आलं. कस्तुराबाईनं ते ओळखलं.

"लगीच जाऊ नगा. सासरा लय कडक हाय तिचा. तुमी दारात गेला तर तिलाच घरात कोंडतील. मी जाईन परत, आखाडात. ती काय म्हनती ते बघू."

लीलाबाईनं मान हलवली. इतकी वर्षं थांबली होती, पण हे थांबणं तिला अधिक जड वाटलं. तिनं पोराला आपल्याकडे घेतलं. ते रडलं नाही. ओल्या पट्ट्या बाजूला सारून तिनं कस्तुराबाईला बसायला जागा करून दिली.

"बस," ती म्हणाली. "पुन्यांदा सांग. ती कशी उभी हुती, काय नेसली हुती, समदं सांग."