लाइनवर राहा

दुपारची जेवणं उरकली होती. भांडी लावून सून हात पुसत बाहेर आली, तर सासूबाई पलंगावर ताठ बसून दाराजवळच्या पॅसेजकडे बघत होत्या.

"अगं, तिला बसायला तरी सांग," त्या म्हणाल्या. "केव्हाची उभी आहे बिचारी."

पॅसेजमध्ये चपलांचं कपाट होतं, वर मीटरचा डबा होता, भिंतीवर उन्हाचा पट्टा होता. माणूस नव्हतं.

"कोण उभं आहे, आई?"

"मला काय ठाऊक? तुझ्याकडेच आलीय." सासूबाईंनी डोळे बारीक केले. "खांद्यात अरुंद आहे. उजवा खांदा उतरता. हिला तयार कपडा कधी नीट बसायचा नाही."

सासूबाईंनी आयुष्यभर शिवणाचा क्लास चालवला होता. टेप न लावता नुसत्या नजरेनं माप घ्यायच्या. वर्षभरापूर्वी त्यांची आठवण विरत चालली, तेव्हाच डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की या आजारात पुढेमागे नसलेली माणसं दिसू लागतात, तेव्हा वाद घालू नका. ते सुनेला पाठ होतं. तरी खांद्याचं इतकं नेमकं माप ऐकून तिनं पॅसेजकडे पुन्हा एकदा बघितलं.

खरं तर ती घाबरणाऱ्यांपैकी नव्हती. रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये ती फोन घ्यायची. पलीकडे कुणी किंचाळत असो, कुणी शिव्या देत असो, हिचा आवाज एका पट्टीत. "घाबरू नका. आधी पत्ता सांगा. गाडी निघतेय. लाइनवर राहा." सहकाऱ्यांनी तिचं नाव थंडताई पाडलं होतं. नव्या मुलींना तर तिचं खरं नावही माहीत नव्हतं.

मग तो फोन आला. एकटी बाई होती, छातीत कळ आलेली. धापा टाकत तिनं पत्ता सांगितला: पाण्याच्या टाकीमागची गल्ली, निळं फाटक, वरचा मजला. पुन्हा तेच सांगितलं. मग परत, आणखी हळू. गाडी निघाली आणि वेळेत पोचली. निळ्या फाटकातून भलतंच कुटुंब बाहेर आलं. ती बाई तिथून कधीच दुसरीकडे राहायला गेली होती. कळ आली त्या घाईत जिभेवर जुना पत्ता आला, ज्या घरात तिचा जन्म गेला होता तो. नवा पत्ता शोधून गाडी तिथे पोचली तेव्हा उशीर झाला होता.

चौकशीत रेकॉर्डिंग ऐकलं गेलं. साहेब म्हणाले, यात तुमची काही चूक नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी थंडताईनं हेडफोन कानाला लावला आणि पहिली रिंग वाजताच काढून ठेवला. रजा घेऊन ती घरी बसली. मोबाइल वाजला तरी छाती धडधडायची. आणि घरात हे असं.

नवऱ्यानंच तिला सरांकडे नेलं. सर पूर्वी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, आता समुपदेशन करायचे. इस्त्रीच्या दुकानावर त्यांची खोली होती, त्यामुळे तिथे कायम गरम कपड्यांचा वास. सरांना कायम सर्दी. नाक पुसत त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"आता मला एका वाक्यात सांगा, त्रास कशाचा होतोय?"

"मला कळायलाच हवं होतं," ती म्हणाली. "विचारायलाच हवं होतं, की आत्ता तिथेच आहात ना."

"'कळायलाच', 'विचारायलाच' यांतले दोन्ही 'च' काढा आणि परत म्हणा."

"काय?"

"कळायला हवं होतं. विचारायला हवं होतं. म्हणून बघा."

तिनं म्हटलं. वाक्य एकदम लहान झालं. दुःख होतंच, पण तिनं ते वाक्य आपणहून पुन्हा एकदा म्हटलं.

"विचारलं असतं तर बरं झालं असतं, हे खरं आहे," सर म्हणाले. "ते मी नाकारत नाही. पण 'च' लावला की तुम्ही माणसाचे देव होता. मग देवाचे नियम तुम्हाला लागू, आणि तुम्ही नापास." ते शिंकले. "जुन्या काळी परदेशात काही विचारवंत होऊन गेले. त्यातला एक तर गुलाम होता, स्वतःचं शरीरही त्याच्या मालकीचं नाही. तो शिकवायचा, की आधी दोन वाटण्या करा. माझ्या हातातलं काय, हाताबाहेरचं काय. आणि घडलं ते वेगळं ठेवा, त्यावर आपण काय म्हणतो ते वेगळं ठेवा. आपण बहुतेक वेळा आपल्याच वाक्याला घाबरतो."

तिनं भीतभीत सासूबाईंना दिसणाऱ्या बाईचं सांगितलं.

"तिथेही तेच करा," सर म्हणाले.

तिनं केलं. सासूबाई पॅसेजकडे बघून बोलायला लागल्या की ती मनात म्हणायची: आई कपाटाच्या दिशेनं बघून बोलतायत, एवढंच घडतंय. तिथे फोनवरची ती बाई उभी आहे, हे माझं वाक्य. असं म्हटलं की धडधड उतरायची. ती पॅसेजमधून जा-ये करू लागली, चपला पुसू लागली. मोबाइलचा आवाज परत सुरू केला. तिला वाटलं, जमलं.

जरा जास्तच जमलं. भाजी करपली, घडलं. नवरा तापानं फणफणला, घडलं. तिनं त्याला गोळी दिली, पाणी दिलं आणि सरळ बसून राहिली.

"तू मला घाबरवतेयस," तो पांघरुणातून म्हणाला. "जरा चिड तरी. तोंड कसं कोऱ्या कागदासारखं झालंय तुझं."

"चिडून तुझा ताप उतरणार आहे का?"

त्यानं पांघरूण डोक्यावर ओढलं. बाहेरच्या पलंगावरून सासूबाईंचा आवाज आला, "हिला काहीच होत नाही, आणि ती तिकडे रडतेय. रडून रडून डोळे सुजलेत तिचे."

मग एका दुपारी सून त्यांचे केस विंचरत होती. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं, खाली कुणीतरी गाडी धूत होतं. सासूबाई मान कलती करून ऐकत होत्या, टेलरकडे आलेलं गिऱ्हाईक हळू बोलत असलं की ऐकावं तशा.

"काय पुटपुटतेय ही? एकच धोशा लावलाय." आणि त्यांनी एकेक शब्द तोलून म्हटलं, "पाण्याच्या टाकीमागची गल्ली. निळं फाटक. वरचा मजला."

कंगवा खाली पडला.

तो पत्ता घरात तिनं कधीच उच्चारला नव्हता. नवऱ्यालाही फक्त 'चुकीचा पत्ता' एवढंच माहीत होतं. तिनं मनातलं वाक्य जुळवायचा प्रयत्न केला: आई बोलतायत, एवढंच घडतंय. पण त्या काय बोलतायत? वाक्य अर्ध्यावर तुटलं. पॅसेज चार पावलांवर होता. तिला तिकडे बघवेना. चप्पल तिथेच होती; कपाटाकडे न बघता पॅसेज ओलांडून ती अनवाणीच जिना उतरली आणि खालच्या शेजारणीला सासूबाईंजवळ पाठवून तशीच सरांकडे गेली.

सरांनी सगळं ऐकलं. खालून इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज येत होता.

"झोपेत बोलला असाल," शेवटी ते म्हणाले.

"असेन."

"त्यांनी ते ऐकलं असेल आणि डोक्यात राहिलं असेल."

"असेल." ती खुर्चीत पुढे सरकली. "पण तुम्हाला तसं वाटतं का, सर?"

"मला माहीत नाही." ते इतक्या साधेपणानं म्हणाले की तिला उलट धीर आला. "आणि ते शोधून काढणं माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही. तेव्हा आपण वाईटात वाईट धरून चालू. समजा, ती खरंच तिथे आहे. पुढे?"

"पुढे काय, सर! भयंकर आहे ते!"

"भयंकर हे तुमचं वाक्य झालं. ती काय करते ते सांगा. अंगावर येते?"

"नाही."

"शाप देते? तुमचं नाव घेते?"

"नाही. रडते, आणि पत्ता सांगते."

"पत्ता कोण सांगतं?"

ती थांबली. "ज्याला मदत हवी असते तो."

"आणि असा माणूस समोर आला की तुम्ही काय करता? तुमचं कामच आहे ते. मला तर रस्त्यावर कुणी पत्ता विचारला तरी ततपप होतं." सरांनी नाक पुसलं. "आणखी एक. मी तुम्हाला दगड व्हायला सांगितलं नव्हतं. वेडंवाकडं वाक्य काढून टाका म्हटलं होतं, दुःख काढून टाका असं नव्हतं म्हटलं. एक माणूस गेलंय. त्याचं वाईट वाटणं यात चुकीचं काय आहे?"

दुसऱ्या दिवशी तिनं काम लवकर आवरलं आणि वाट बघितली. सासूबाई डुलकी काढून उठल्या. पॅसेजकडे बघून त्यांनी चुकचुक केलं. "आली परत. लागली सांगायला."

सुनेच्या छातीत धडधड सुरू झाली. तिनं ती होऊ दिली. ती उठली, पॅसेजमध्ये गेली आणि चपलांच्या कपाटासमोर फरशीवर मांडी घालून बसली. तिथे फरशी गार होती. घरातल्या बाकीच्या फरशीपेक्षा जास्त गार होती की काय, हे तिनं मुद्दाम तपासलं नाही.

"घाबरू नका," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. तिनं घसा खाकरला. "मी ऐकतेय. तुमचा पत्ता मला मिळालाय. मला एकच सांगा. आत्ता तुम्ही तिथेच आहात ना?"

भिंतीवरचं ऊन हललं नाही. मीटरचा डबा बारीक गुणगुणत होता. मागे पलंगावर सासूबाई कान देऊन ऐकत होत्या.

"नाही म्हणतेय," सासूबाई म्हणाल्या.

सुनेच्या अंगावर सरसरून काटा आला.

"मग कुठे आहात?"

"म्हणते, इथे. तुझ्यासमोरच आहे म्हणते."

तिला उठून पळावंसं वाटलं. उठायला एक हात फरशीवर टेकलासुद्धा. पण इतकी वर्षं फोनच्या या टोकाला बसून एक गोष्ट तिच्या हाडात भिनली होती: पलीकडचा माणूस बोलतोय तोवर आपण फोन ठेवायचा नाही.

"बरं," ती म्हणाली. "मी विचारलं असतं तर बरं झालं असतं, ताई. माझं राहून गेलं. तुम्ही एकट्या होतात, आणि मी तुमच्यापर्यंत गाडी पोचवू शकले नाही. मला फार वाईट वाटतं त्याचं." आणि त्या फोननंतर पहिल्यांदा तिला रडू आलं. अगदी हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत. मध्येच ती म्हणायची, "मी आहे लाइनवर. मी आहे." ऊन भिंतीवरून उतरून तिच्या गुडघ्यावर आलं आणि तिथून निघून गेलं, तोवर ती तिथेच होती.

"बसली गं बाई एकदाची," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "तू पण ऊठ आता. पायाला मुंग्या येतील."

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. कामावर परतल्यावर पहिल्या काही फोनना तिचे तळवे घामानं भिजायचे. ते भिजू देत ती पत्ता लिहून घ्यायची आणि विचारायची, "आत्ता तुम्ही तिथेच आहात ना?" नव्या मुलींनीही तो प्रश्न उचलला. एकदा एका म्हाताऱ्यानं त्यावर थबकून सांगितलं, "नाही हो, मी मुलीकडे आहे," आणि गाडी वळवता आली. त्या दिवशी थंडताई जागेवरून उठून स्वच्छतागृहात गेली आणि तोंडावर पाणी मारून आली.

घरी पॅसेजमधली बाई बसूनच होती, असं सासूबाई सांगायच्या. रडत नाही आता, म्हणायच्या. कधी कधी तिच्याशी ब्लाऊजच्या गळ्यांबद्दल बोलत बसायच्या. सुनेला त्या आवाजाची सवय झाली.

मग हळूहळू सासूबाईंचं बोलणंच आटत गेलं. आधी माणसांची नावं गेली, मग वाक्यं, मग शब्द. त्यांची बोटं तेवढी चादरीची कड दुमडत राहायची, जशी काही तुरपाई चालली आहे. एका दुपारी सुनेच्या लक्षात आलं, की पॅसेजमध्ये कोणी आहे की नाही, हे सांगणारं आता घरात कुणी उरलं नाही. तिनं कपाटाकडे बघितलं. आहे, असं म्हणायला तिच्याकडे काही नव्हतं. नाही, असं म्हणायलाही नव्हतं. तिनं दोन्ही वाक्यं सोडून दिली आणि सासूबाईंना पाणी पाजायला गेली.

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी नवरा बाजारातून आला. त्याचा या प्रकारावर कधीच विश्वास नव्हता. आईचा आजार आणि तुझा थकवा, असं म्हणून त्यानं विषय संपवला होता. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन त्यानं पायानं दार लोटलं. ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी होती. पॅसेजमधून त्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला, लोकांशी बोलताना असतो तसा अदबशीर:

"जरा सरकता का?"

ती वळून बघते तो खांदा तिरपा करून, पोट आत ओढून, पिशव्या डोक्याच्या उंचीवर धरत तो आत आला.

"कुणाला म्हणालास?" तिनं विचारलं.

"काय?"

"आत्ता. दारात."

"काही नाही म्हणालो." पिशव्या ओट्यावर ठेवून तो बोटांवरचे वळ चोळू लागला. "का गं? अशी काय बघतेयस?"

तिची छाती धडधडत होती. तिनं ती धडधडू दिली.

"काही नाही," ती म्हणाली. "चहा टाकते."