लाकडाच्या चंद्रीचं लग्न

मोहिद्दीन जादूगार मला सोडून चालला होता, आणि मला त्याचा भयंकर राग आला होता. राग आला की मी खरं बोलतो. मी त्याला तोंडावर सांगितलं की मिरजेत तुझ्यासाठी कुणी हार घेऊन उभं नाही. तो हसला. हा माणूस रागावत नाही, हाच त्याचा सगळ्यात मोठा दोष.

आमचा खेळ जोडीचा. मी आकाराम, माझ्या कळसूत्री बाहुल्या, त्याची हातचलाखी. बाहुलीनं अंडं गिळायचं, ते मोहिद्दीनच्या टोपीतून निघायचं, मग बाहुलीनं त्याला चोर ठरवून झोडपायचं. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत लोक पोट धरधरून हसायचे. नुसत्या जादूगाराला टाळ्या मिळतात, नुसत्या बाहुल्यांपुढे पोरंसोरं बसतात. हसू होतं ते आमच्या दोघांच्या मध्ये. पण मिरजेच्या एका नाटक कंपनीला जादूगार हवा होता, आणि बाहुल्या नकोत असा तिचा स्पष्ट निरोप होता.

बाहुल्यांची वाटणी झाली. हंबीरराव मी कोरलेला, तो माझा. चंद्री त्याची, कारण तिच्या पोटातली अंडं लपवायची चोरजागा त्यानं केलेली आणि तिचं नऊवारी त्याच्या बायकोनं, जरिनानं शिवलेलं. म्हणजे माझ्याकडे उरणार एक मिशीवाला ठोंब्या. तो बोलणार कुणाशी? मी तर मोहिद्दीनशिवाय कुणाशी धड बोलतसुद्धा नव्हतो. आटपाडीच्या जत्रेतला खेळ शेवटचा ठरला.

शेवटचा म्हणून मोहिद्दीननं नवी करामत काढली. हंबीरराव आणि चंद्रीचं लग्न लावायचं. अंतरपाट खाली आला की चंद्री गायब, आणि तिच्या जागी मुंडावळ्या बांधलेली कोंबडी. जादूगाराला आडोशाला कापड लागतं, आणि लग्नात ते आयतंच असतं. इतकी साधी गोष्ट आम्हाला जोडी फुटायच्या दिवशी सुचली, हे आमचं नशीब.

भर दुपारी मैदान माणसांनी फुललं. लढाई नुकतीच संपलेली, कापड रेशनवर, म्हणून अंतरपाट माझ्या जुन्या धोतराचा. पुढच्या रांगेत पाटलांच्या आई अंबूबाई आणि त्यांच्या शेजारी गावचे भटजी जोशीबुवा. मी वरून दोऱ्या हलवत मंगलाष्टकं म्हणायला लागलो. दुसरी ओळ चुकली, तिसरीच्या जागी पुन्हा पहिलीच आली. जोशीबुवांना ते सोसवेना. ते ताडकन उठले, मला गप्प केलं आणि खणखणीत आवाजात सगळी मंगलाष्टकं स्वतः म्हणाले. लोकांनी ज्वारीच्या अक्षता टाकल्या. अंतरपाट खाली आला. हंबीररावासमोर कोंबडी उभी होती, आणि ती मुंडावळ्या हलवत अक्षता टिपायला लागली.

एवढी भारी करामत, आणि मैदानात एक माणूस हसेना.

मग माझ्या ध्यानात आलं. लग्न खेळातलं असलं तरी भटजी खरे होते, मंगलाष्टकं खरी होती, अक्षता खऱ्या होत्या. जोशीबुवांनी सगळ्या गावादेखत एका कोंबडीला सौभाग्यवती केलं होतं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. अंबूबाई काठी टेकत उठल्या आणि नवरी कुठं आहे म्हणून विचारलं. मोहिद्दीननं मुकाट्यानं कोटाच्या बाहीतून चंद्री काढली. म्हातारीनं फर्मान सोडलं की लग्न पुन्हा लागेल, नीट लागेल, आणि तोवर जादूगारानं दोन्ही हात वर धरावेत.

तसंच झालं. चंद्रीला हळद लागली, रेशनच्या दिवसांत कुणीतरी खणाचा तुकडा आणून तिची ओटी भरली. मोहिद्दीन नवरीचा बाप झाला, मी वरबाप. वरबाप म्हटल्यावर रुसणं आलंच. पागोटं मिळाल्याशिवाय उठणार नाही म्हणून मी जमिनीवर फतकल मारली. मोहिद्दीननं माझ्या डोक्यावर कोंबडी बसवली. तेव्हा कुठं मैदान हसलं, आणि असं हसलं की जोशीबुवांनाही उपरण्यात तोंड लपवावं लागलं.

मग पाठवणी आली. मोहिद्दीननं चंद्री माझ्या हातात ठेवली आणि नाटकी आवाजात म्हणाला, "पाव्हणं, पोर तुमच्या पदरात घातली. तिला उन्हात ठिवू नगा, तडं जात्यात."

शेवटच्या शब्दांना त्याचा आवाज फाटला. तो नाटकी नव्हता. माझेही डोळे भरून आले. डोक्यावर कोंबडी असलेल्या माणसाला रडता येत नाही, तरी मी रडलो.

खेळ आटोपला. मोहिद्दीननं वाटणीप्रमाणे चंद्रीकडे हात केला, तसा अंबूबाईंनी काठी आडवी घातली.

"अरं, दिलेली ल्येक कुणी माघारी न्येतं व्हय?"

मोहिद्दीननं हात मागे घेतला. म्हातारी तेवढ्यावर थांबली नाही. नवी नवरी एकटी सासरी जात नाही, माहेरचं माणूस पाठराखणीला लागतं, तर हिच्यासंगं कोण जाणार, असं त्यांनी विचारलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मोहिद्दीननं मिरजेच्या वाटेकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"मी जातो," तो म्हणाला.

मला राहवलं नाही. पाठराखीण किती दिवस राहते, ते मी विचारलं.

"पोर सासरी रुळंस्तवर," अंबूबाई म्हणाल्या, आणि काठी उचलून बांगड्यांच्या पालाकडं चालू लागल्या.

मोहिद्दीन माझ्या गाडीत चढून बसला. मिरजेच्या कंपनीनं वाट बघितली आणि दुसरा जादूगार धरला. अजूनही जत्रेचा खेळ संपला की मी विचारतो, पोर रुळली का रं. तो चंद्रीच्या तोंडाला कान लावतो, बराच वेळ ऐकतो आणि तोंड पाडून सांगतो की अजून न्हाई.