बाभळीची विरळ सावली

मित्रांनो, आटपाडीच्या माळावर उभी आहे ना, ती म्हातारी बाभूळ मी. शेळीच्या लेंडीतून पडलेल्या बीतून उगवले. सोटमूळ खोल गेलं म्हणून दुष्काळातही तगले. पाणी उडून जाऊ नये म्हणून माझी पानं इवली इवली, आणि कुणी ओरबाडू नये म्हणून जोडीजोडीनं पांढरे काटे. पण इवल्या पानांची सावली विरळच पडते. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं, या उन्हाळ्यापर्यंत.

अंबूबाई रोज शेळ्या घेऊन यायची. लांब काठीला बांधलेल्या आकडीनं माझ्या मण्यांच्या माळेसारख्या शेंगा पाडायची आणि म्हणायची, "खावा गं बायांनो, पोटभर खावा." तिचा मुलगा धनाजी दूर कोइमतूरला, सोनं गाळायच्या दुकानात. घरी ती एकटीच.

एका दुपारी आकडी वर करता करताच ती कोसळली. तोंड वाकडं झालं, उजवा हात हलेना. ऊन माझ्या पानांमधून थेट तिच्या चेहऱ्यावर येत होतं. मला फांदी वाकवता येईना, हाक मारता येईना. शेळ्या शेंगा चघळत राहिल्या. तिच्या पिशवीतला मोबाईल वाजला, थांबला, पुन्हा वाजत राहिला.

पायवाटेनं गावातली शिवणकाम करणारी शमशाद चालली होती. तो आवाज ऐकून ती वळली आणि धावत आली.

"आवं अंबूमावशी! काय झालं वो? डोळं उघडा की!"

फोन तिनंच उचलला. "धनाजीभाऊ, मावशी पडल्यात. लय बेकार हाय. गावातनं कुणाची तरी गाडी लावून द्या."

मग मावशीवर सावली पडावी म्हणून तिनं ओढणी काढून माझ्या खालच्या काट्यांत अडकवली. तेवढाच काय तो माझा उपयोग.

गाडी यायला फार वेळ लागला. अंबूबाई वाचली, पण हात गेला तो गेलाच. धनाजी तिला न्यायला आला. निघताना त्याच्या खांद्याचा आधार घेत ती माळावर आली आणि डाव्या हातानं माझं खोड चाचपत राहिली.

"आये, चल की. गाडी चुकंल."

"थांब रं," एवढंच ती बोबडं बोलली. पुढचे शब्द तोंडातच राहिले. मी तर जन्माची मुकी.

शेळ्या परगावी गेल्या. शेंगा आता नुसत्याच गळून पडतात.

मित्रांनो, मला पाणी घालू नका, ते माझं मी शोधते. पण भर उन्हात बांधावर, माळावर कुणी म्हातारं माणूस एकटं दिसलं, तर जवळ जाऊन हाक मारा. मला ते जमत नाही. तुम्हाला जमतं.