पहिली पळी, शेवटची पळी

आटपाडीजवळच्या माळावर दर मंगळवारी आयाबायांची रांग लागे. चीनच्या लढाईला वर्ष होत आलं होतं. भाजक्या मातीच्या तांबड्या देवीपुढं बसून केरबाबुवा ओरडे, "पळीभर पाणी घाला! आई प्याली तर फौजेतलं पोरगं जित्तं, न्हाई प्याली तर आशा सोडा!"

आणि देवी खरंच पिई. थेंब सांडत नसे.

शाळेत पाणी भरणारी हरणाबाई रांगेत सगळ्यांच्या आधी. तिचा पोरगा आकाराम लढाईत कामी आल्याची तार आली होती. पण प्रेत आलं नव्हतं, आणि देवी तर दर खेपेला पीत होती. सुनेला तिनं कुंकू पुसू दिलं नाही. "तार लिवणारा माणूसच की. चुकला आसंल."

शेजारची धोंडुबाई गुरांचं आवरून येई, म्हणून तिचा नंबर शेवटचा. तिचं पाणी देवीच्या गालावरून ओघळे. पोराची तार नव्हती, नुसतं पत्र थांबलं होतं. तरी तिनं अन्न टाकलं.

एके दिवशी नाथाजी मास्तरांनी वर्गात काच, पाटी, फडकं आणि कोरडी वीट मांडली. "हरणाबाई, बादली आणा. कोण किती पाणी शोषतं बघू."

काचेवरनं पाणी घसरलं. विटेवरचं गडप!

"मास्तर, देवी!" पोरं खिदळली.

हरणाबाई हसली नाही. "आनखी घाला," म्हणाली. वीट पीत गेली, पीत गेली, आणि मग पाणी बाजूनं वाहू लागलं.

"आता का पीत न्हाई वं?"

"भाजल्या मातीला बारीक भोकं असतात. ती भरली की संपलं. उन्हात वाळली की पुन्हा पिईल."

"म्हंजी पयल्याचं पिनार, शेवटच्याचं न्हाई?"

ती काय विचारतेय ते मास्तरांना आत्ता उमगलं. खोटं बोलावंसं वाटलं त्यांना. "व्हय," ते हळूच म्हणाले.

मंगळवारी हरणाबाईनं धोंडुबाईला ओढून पुढं उभं केलं. "रांग मोडती व्हय गं?" बुवा खेकसला. धोंडुबाईची पळी देवी गटकन प्याली. हरणाबाई शेवटी आली. तिचं पाणी ओघळून गेलं.

"बुवा, आठवड्यात तिचा जित्ता झाला आन् माजा मेला व्हय?"

"आईची लीला!"

"मातीची वीट हाय ती! बायांनो, लढाईतलं तिला काय ठावं? तार आली आसंल तर खरी माना. न्हाई आली तर वाट बघा, पर पोटाला खा." तिनं धोंडुबाईचा हात धरला. "तुजी तार आली न्हाई, बया. जेव जा. माजी आलीया."

आणि वर्षभर न रडलेली हरणाबाई तिथंच, भर उन्हात, फतकल मारून रडू लागली.