तैलज्जाचा तक्ता

“तेल तुझ्या डोक्याला आणि डाग माझ्या उशीला! हा कुठला न्याय गं?”

रिक्षात कोंबून बसलेल्या दाक्षायणीची कुरकुर अर्ध्या धारवाडला ऐकू गेली. तिची खोलीमैत्रीण नीलांबिका ओढणी डोळ्यांवर घेऊन बसली होती. अर्धशिशीच्या गोळ्या तिनं बंद केल्या होत्या. मंतरलेल्या तेलानं डोकेदुखी घालवणाऱ्या तैलज्जाबाबाची आज्ञाच तशी. परीक्षा तोंडावर, रोज सकाळी न्हाणीघरात ओकाऱ्या, आणि विचारलं की म्हणायची, “छे, मस्त आहे मी.”

मैदानात जत्राच भरली होती. ढोल, चुरमुऱ्यांच्या गिरमिटच्या गाड्या, उन्हात चकाकणारी तेलकट डोकी. व्यासपीठावर तैलज्जा आणि त्याच्यामागे उंच टांगलेला कापडी तक्ता. त्यावर दोन स्तंभ. तेलाआधीच्या दुखण्याचा ताडमाड, तेलानंतरचा त्याच्या गुडघ्याएवढा.

“मी अडाणी माणूस! हे चित्र विद्यापीठानं काढलंय!” तैलज्जा गरजला. “तेलाआधी डोंगर, तेलानंतर वारूळ! ज्याचं अजून दुखतं, त्याची श्रद्धा पातळ! कुणाचं दुखतंय?”

“कुणाचंच नाही, अज्जा!” माणसं कपाळ चोळत ओरडली.

दाक्षायणीची छाती फुगली. तक्ता तिचाच होता! आलेखांच्या वर्गाला अभ्यास म्हणून अज्जाच्या भक्तांना ‘दहापैकी किती दुखतं?’ असं विचारून विचारून तिनं तो रंगवला होता, आणि अज्जानं कौतुकानं मागून नेला होता.

“नीलू, माझं नाव कुठंय?”

“असेल खाली.”

“खाली बांबू आहे!”

आलेख शिकवणाऱ्या हिरेगौडर मॅडमचा नियम पक्का होता. स्तंभ शून्यापासून उभा करायचा आणि शून्याखाली काढणाऱ्यानं नाव घालायचं. “ज्या चित्राचे पाय दिसत नाहीत, ते भूत समजा,” असं त्या म्हणायच्या. इथं ना शून्य, ना दाक्षायणी! बाजूच्या आकड्यांवर झेंडूच्या माळा, आणि तळाशी बांबूला घागरीएवढी गुंडाळी.

ती तरातरा व्यासपीठावर चढली. “पाया पडते हं अज्जा,” म्हणत वाकली आणि बांबूची दोरी खस्सकन ओढली.

गुंडाळी सुटली. अज्जाच्या तेलाची घागर कलंडवत, पायऱ्या उतरत तक्ता थेट गर्दीत घुसला. लोकांनी भराभर पाय मागे घेतले. स्तंभ लांबतच गेले, लांबतच गेले, आणि शेवटी आलं शून्य. त्याखाली ठसठशीत नाव: दाक्षायणी. आता दोन्ही स्तंभ जुळ्या भावांसारखे दिसत होते; एकानं फक्त टाचा उंचावलेल्या.

“माया आहे ही, पोरी!” तैलज्जा घागर सावरत म्हणाला.

“माया कसली? घडी आहे, घडी! दहापैकी नऊ दुखत होतं, ते आठ झालं. तेवढं नुसतं झोपूनही होतं! साडेसातपर्यंतचं तुम्ही गुंडाळलंत. उरला तो चमत्कार!”

“अज्जा, धोतर तरी पुरतं नेसलंय, का तेही गुंडाळलंय?” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. मैदान खदखदलं. दाक्षायणीलाही हसू आवरेना.

“मंडळी, माझ्याही चित्रावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आधी त्याचे पाय बघा. आणि कुणी औषध सोडा म्हणालं, तर त्याचेही बघा! डॉक्टरांना विचारा. विचारल्यानं कुठलाच देव रुसत नाही.”

हशा ओसरला. माणसं कपाळाला हात लावून एकमेकांकडे तिरकं बघत राहिली.

नीलांबिकेनं डोळ्यांवरची ओढणी काढली.

“माझं दुखतंय,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून. एकदाही थांबलं नाही.”